रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

वाचकांचे प्रश्न : या वेळचा विषय, वृद्धाश्रमातल्या सेवेची पारख

‘चांगला वृद्धाश्रम सुचवा’ अशी पत्रं या सदराकडे सतत येतात. नावं सुचवणं आम्ही टाळतो. व्यवस्थापक बदलला, जुन्या दोन मावशी सोडून गेल्या की तीच संस्था सहा महिन्यांत ओळखू येत नाही. त्यापेक्षा संस्था पारखायची कशी, हे विचारणारी पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न (नाशिक) : आई ८१ वर्षांची आहे. हिंडती-फिरती आहे, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे. तीन संस्था पाहायला जाणार आहोत. तिघांची माहितीपत्रकं सारखीच दिसतात. तासाभराच्या भेटीत नेमकं काय पाहावं?

एका भेटीत भागणार नाही, दोन करा. पहिली वेळ ठरवून, बोलण्यासाठी. दुसरी न कळवता, संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. सकाळी अकराला सगळ्याच संस्था छान दिसतात. अंघोळी उरकलेल्या, फरशी पुसलेली, सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. संध्याकाळी जेवणं, औषधं आणि ड्यूटी बदलणं एकाच वेळी येतं. संस्थेची ओढाताण होते ती तेव्हा, आणि तुम्हाला पाहायची आहे तीच.

आत शिरताना वास घ्या. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर बिघडत नाही, तिथे आत्ताच काही झालं असेल. पण दोन्ही भेटींत सगळ्या व्हरांड्यात तोच वास असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. नाकात झोंबेल इतका फिनेलचा वास हीसुद्धा काही स्वच्छतेची खूण नव्हे.

परवानगी घेऊन एका पलंगाजवळची बेल दाबा आणि घड्याळ लावा. दोन-तीन मिनिटांत कुणी आलं तर ठीक. कित्येक ठिकाणी बेलची दोरी वर गुंडाळून ठेवलेली असते किंवा बटण पलंगाच्या मागे गेलेलं असतं. बेलच नसेल तर रात्री माणूस बोलावतो कसा, ते विचारा. ‘आवाज देतात’ हे उत्तर पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजोबांच्या काय कामाचं?

शौचालयात स्वतः जाऊन या. कमोडशेजारी आधाराचा दांडा हवा, आणि तो टॉवेल टांगायचा दांडा नसावा. त्यावर आपलं वजन टाकून हलवून बघा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून कुणी पडलं तर बाहेरून ते ढकलताच येत नाही. कडी बाहेरून काढता यायला हवी. उंबरठा नको. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर असली तर व्हीलचेअर विनासायास आत जाते. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा राहतो का, तेही विचारा. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडण्याला रात्री लघवीला उठणं हे नेहमीचं निमित्त असतं.

मग पाणी. तांब्या-भांडं प्रत्येकाच्या हाताच्या टप्प्यात आहे का? खोलीच्या कोपऱ्यात वीस लिटरचा जार असणं वेगळं आणि अंथरुणावरून हात लांबवला की पाणी मिळणं वेगळं. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि चांगली बोलती-चालती आजी दोन दिवसांत बरळायला लागते.

तुमच्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न इन्सुलिनचे. कोण टोचतं, ताट समोर आल्यावर टोचतात की आधी, आणि जेवण अर्धं टाकलं तर काय करता? इन्सुलिन देऊन झालं आणि पानातली पोळी तशीच राहिली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. ती ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे ड्यूटीवरच्या प्रत्येकाला न अडखळता सांगता आलं पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणखी एक चूक घातक ठरते. आपल्याकडे बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्याही असतात आणि १०० युनिटच्याही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने ओढलं की डोस अडीच पट जातो. शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून इन्सुलिनचं पेन घ्या, त्यात सिरिंजने ओढावं लागत नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर असावं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटलेलं नसावं.

रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांतलं अंतर मोजा. कामगार घरी लवकर जावेत म्हणून साडेसहाला पानं वाढतात आणि नाश्ता साडेआठला येतो. हे चौदा तास झाले. इन्सुलिनवरच्या माणसाला मध्ये नऊ-साडेनऊला दूध किंवा तसंच काही पोटात हवं.

औषधांचं रजिस्टर मागा आणि आजचं पान उघडा. संध्याकाळी पाच वाजता रात्रीच्या रकान्यातही सह्या झालेल्या असतील तर त्या वहीचा उपयोग नाही. गोळी दिल्यावर सही, हा एकच क्रम बरोबर.

शेवटी बसलेल्या मंडळींकडे पाहा. नखं कापलेली आहेत का, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, कवळी तोंडात आहे की कपाटात, श्रवणयंत्रात सेल आहे का. या बारीक गोष्टी कुणी तपासायला येत नाही, म्हणून त्या खरं बोलतात. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही आणि दारातली बाग यांना आम्ही फारसे गुण देत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : संस्थेत ३० जण राहतात, त्यांतले १० अंथरुणाला खिळलेले आहेत. ‘आमच्याकडे आठ माणसं आहेत’ असं सांगितलं. हे पुरेसं आहे का? सिस्टर आहेत म्हणतात, त्या खरंच नर्स आहेत हे कसं ओळखायचं?

आधी आठातून स्वयंपाकी, झाडूवाली, वॉचमन आणि ड्रायव्हर वजा करा. उरलेल्यांना पाळ्यांत वाटा, आठवड्याच्या सुट्ट्या काढा. दोन पाळ्यांत काम चालत असेल तर बहुधा दिवसा दोन आणि रात्री एक उरेल.

आता कामाचं गणित मांडा. अंथरुणावरच्या माणसाला कूस बदलून देणं, चादर सरळ करणं, डायपर ओला आहे का पाहणं, याला दोन माणसं आणि सुमारे दहा मिनिटं लागतात. दहा जणांचे झाले शंभर मिनिटं. कूस दर दोन तासांनी, म्हणजे १२० मिनिटांनी बदलायची. दोघींना बाकी कामाला वीस मिनिटं उरली. तेवढ्यात बेल वाजली तर कुणी जायचं? रात्री एकच जण असेल तर ती एकटी माणूस उचलू शकत नाही, ओढते. आणि ओढण्याने कातडी सोलवटते.

भरवण्याचंही तेच. गिळायला त्रास असलेल्या माणसाला नीट बसवून, घास संपल्याची खात्री करत भरवायला २०-३० मिनिटं लागतात. आठ जणांना दोघींनी भरवायचं तर दीड-पावणेदोन तास. ‘आमच्याकडे अर्ध्या तासात जेवणं आटोपतात’ असं कौतुकाने सांगितलं गेलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं आली. भरभर घातलेला घास श्वासनलिकेत जातो. पुढे ताप येतो, खोकला येतो आणि ‘न्यूमोनिया झाला’ एवढंच घरी कळतं.

आमचा हिशेब असा : अंथरुणावरच्या चार जणांमागे दिवसा एक माणूस; रात्री कितीही कमी रहिवासी असले तरी दोन जण जागे, आणि अंथरुणावरचे दहाच्या वर गेले की तीन. हा कायद्यातला आकडा नाही, वरच्या गणितातून निघालेला आहे. डॉक्टरांनी कातडी पाहून आणि चांगली गादी देऊन रात्रीचं अंतर तीन-चार तासांवर नेलं तर थोडी सवलत मिळते.

‘जागे’ हा शब्द महत्त्वाचा. ब्युरोकडून (सेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेली माणसं चोवीस तासांच्या ड्यूटीवर असतील तर ती रात्री झोपणारच. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून ‘रात्री कोण असतं’ हे विचारू नका, ‘रात्री दोन वाजता कोण जागं असतं आणि ते झोपतं कधी’ असं विचारा.

नर्सबद्दल : पांढरा कोट घातलेल्या कुणालाही सिस्टर म्हणायची आपली पद्धत आहे. शिकलेली नर्स एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी एक अभ्यासक्रम पूर्ण झालेली असते आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागण्यात काही गैर नाही. सगळ्या कामाला नर्स लागत नाही, अनुभवी मावशी कूस बदलण्यात भल्याभल्यांना मागे टाकते. पण इन्सुलिन, लघवीची नळी, नाकातल्या नळीतून अन्न देणं आणि जखमेचं ड्रेसिंग यांची जबाबदारी नोंदणीकृत नर्सकडेच हवी.

प्रश्न (सोलापूर) : वडिलांना पक्षाघात झाल्यापासून ते संस्थेत आहेत. भेटायला गेलो तेव्हा कंबरेखाली मोठी जखम दिसली. व्यवस्थापक म्हणाले, ‘या वयात होतंच, आम्ही एअर बेड दिलाय.’ खरंच होतंच का?

शेवटच्या काही दिवसांत, शरीर उतरणीला लागलेलं असताना, उत्तम सेवा असूनही बेडसोर (पडून राहिल्याने दाबाची जखम) होऊ शकतो. एरवी बहुतेक टाळता येतात. त्यामुळे ‘होतंच’ हे उत्तर स्वीकारू नका.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू या जागा आधी जातात. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावर न फिकटणारा लालसर डाग. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही, जांभळट-काळपट दिसतो. म्हणून हात लावून पाहायचं. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं. या टप्प्यावर दाब काढला तर डाग काही दिवसांत विरतो. दुर्लक्ष झालं तर कातडी फाटते, मग खड्डा पडतो, शेवटी हाड लागतं. असा खड्डा भरायला महिने जातात.

एअर बेड, म्हणजे मोटारीने हवा भरली जाणारी गादी, हा कूस बदलण्याला पर्याय नाही. तो चालतोय का तेही बघा. वडिलांच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हात आणि शरीर यांच्यात निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी बसली आहे. मोटारवरचं बटण वडिलांच्या वजनावर लावलेलं आहे का? वीज गेल्यावर मोटार कशावर चालते? आणि गादीवर रेक्झिन, त्यावर गोधडी, त्यावर चादर असे थर असतील तर गादीचा उपयोग गेला. एक पातळ चादर पुरे.

कूस बदलताना पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा हवेत राहतील. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडली तर ३० अंशांपेक्षा वर नको, नाहीतर माणूस हळूहळू खाली घसरतो आणि आतल्या आत कातडी ताणली जाते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली आडवी चादर ठेवून दोघांनी ती उचलायची.

दोन जुन्या सवयी बंद करायला सांगा. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट किंवा पावडर लावून चोळणं, याने आधीच दुखावलेली कातडी फाटते. आणि मधे भोक असलेली रबरी रिंग, ती भोवतीचं रक्त अडवते.

पोटात प्रथिनं गेली नाहीत तर जखम भरत नाही. ५० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ वरण-भातावर ती मिळत नाहीत. घट्ट वरण, दही, दूध, पनीर, चालत असेल तर अंडं हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता तुम्ही काय करायचं ते. जखमेचा फोटो शेजारी पट्टी ठेवून, तारखेसह काढा आणि दर आठवड्याला त्याच बाजूने काढत राहा. दाखल केलं त्या दिवशी कातडीची नोंद झाली होती का, ते कागद मागा. कूस बदलल्याचा तक्ता मागा. त्यात दर दोन तासांनी ‘डावी, पाठ, उजवी’ असं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आठवडाभर लिहिलेलं दिसलं तर ते बसून एकदम भरलेलं आहे. जखमेला घाण वास, पू, काळी खपली, ताप, किंवा आत पांढरं हाड दिसत असेल तर संस्थेत ड्रेसिंग करत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

प्रश्न (रत्नागिरी) : मावशीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. दाखल केल्यावर महिनाभरात ती दिवसभर झोपलेलीच दिसते. एकदा तिला ओढणीने खुर्चीला बांधलेलं पाहिलं. ‘पडू नये म्हणून’ असं कारण दिलं.

दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींचं मूळ बहुधा एकच, संध्याकाळी माणसं कमी.

आधी झोप. दोन-चार दिवसांत अचानक गुंगी आली असेल तर ती आजाराची खूण समजून लगेच डॉक्टर बोलवा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, डोक्याला मार, साखर उतरणं, यांपैकी काहीही असू शकतं. तसं नसेल तर औषधांची यादी मागा आणि तिच्यात क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही नावं शोधा. ही औषधं कधीकधी खरोखर लागतात. पण डिमेन्शियात पहिल्या तीन औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि शेवटच्या दोन्हींनी पडण्याचा. म्हणून कुणी लिहून दिलं, कशासाठी, आणि पुन्हा तपासणी कधी, या तिन्हींची उत्तरं कागदावर हवीत. साधारण तीन महिन्यांच्या आत डोस कमी करून पाहण्याचा विचार व्हायला हवा. मात्र तुम्ही परस्पर गोळ्या बंद करू नका, एकदम थांबवल्याने त्रास उलटतो.

बांधणं. याने पडणं थांबत नाही. माणूस सुटायच्या धडपडीत खुर्चीसकट पडतो, ओढणी गळ्यापर्यंत सरकते, बसून बसून बेडसोर होतो. पलंगाचे उंच कठडेही तसेच. चालता येणारी बाई ते ओलांडू पाहते आणि दीड फुटाऐवजी तीन फुटांवरून पडते. पलंग अगदी खाली घ्यावा, शेजारी जमिनीवर गादी टाकावी, हे बरं.

संध्याकाळी अस्वस्थता वाढते ती पुष्कळदा साध्या कारणाने. पोट साफ नाही, लघवी तुंबली आहे, गुडघा दुखतो आहे आणि सांगता येत नाही. ते आधी तपासावं. मग चार ते सात या वेळात हाताला काम द्यावं. शेंगा सोलणं, वाती वळणं, तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या. हात ओळखीचं काम विसरलेले नसतात. तांदूळ पुन्हा डब्यात ओतून उद्या तेच निवडायला दिले तरी चालतात. संस्थेला हे सांगून बघा. ‘आमच्याकडे एवढा वेळ कुणाला’ असं उत्तर आलं तर जागा बदलायच्या तयारीला लागा.

प्रश्न (न्यू जर्सी) : वडील पुण्यात संस्थेत आहेत. वर्षातून एकदाच येणं होतं. व्हिडिओ कॉलवर ते ‘मजेत आहे’ म्हणतात. इथून काय कळू शकतं?

पुष्कळ. फक्त ‘कसे आहात’ विचारू नका, मागच्या पिढीचं त्याला एकच उत्तर असतं. ‘आज सकाळी नाश्त्याला काय होतं? रात्री उठलात तेव्हा कोण आलं? काल अंघोळ कुणी घातली?’ असं विचारा. स्मृती शाबूत असलेला माणूस नावं सांगतो. फोन दरवेळी कार्यालयात बसवून लावून देत असतील तर पलंगावरून लावायला सांगा. कॉलची वेळ बदलती ठेवा, एखादा नेमका जेवणाच्या वेळी. महिन्यातून एकदा मावशींना विनंती करून टाचा आणि पावलं कॅमेऱ्यात दाखवायला सांगा.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर या नोंदी मागवा : वजन, रक्तदाब, साखर, महिन्यात किती वेळा पडले, कातडीवर कुठे डाग किंवा जखम, औषधांत झालेले बदल. यांत वजन सगळ्यात बोलकं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं तर ती धोक्याची खूण आहे. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो. उभं राहता येत नसेल तर दंडाचा किंवा पोटरीचा घेर साध्या शिंप्याच्या टेपने, दरवेळी त्याच जागी मोजता येतो. पोटरी ३१ सेंटिमीटरच्या खाली गेली की स्नायू झिजत आहेत असं धरतात. पडण्याच्या नोंदीत वर्षभर शून्य असेल तर खूश होऊ नका. बहुधा नोंदच होत नाही. पडले, कधी, कुठे, पुढे काय बदललं, हे लिहिणारी संस्था बरी.

आणि पुण्यातलं एक माणूस नेमा. चुलतभाऊ, शाळेतला मित्र, कुणीही, जो पंधरा दिवसांतून एकदा न कळवता डोकावेल. संस्थेच्या फॉर्मवर त्याचं नाव तुमच्या नावाखाली घाला. नाहीतर रात्री ऑपरेशनच्या संमतीसाठी फोन तुम्हालाच येईल आणि सही करायला पुण्यात कुणी नसेल.

प्रश्न (सातारा) : दोन लाख डिपॉझिट मागितलंय, पावती देणगीची देणार म्हणतात. घ्यावी का?

नाही. देणगी परत मागायला आधार राहत नाही. डिपॉझिटला डिपॉझिटच म्हणवून घ्या. किती दिवसांत परत, कशाबद्दल किती कापणार, हे करारात लिहून घ्या.

करारात आणखी पाहायचं ते असं. मासिक शुल्कात काय धरलं आहे आणि काय वरून लागणार? डायपर दिवसाला चार-पाच लागले तर महिन्याला १२० ते १५० नग होतात, ते तुम्ही आणून देऊ शकता की त्यांच्याकडूनच घ्यायचे? ‘चालता’, ‘आधाराने चालता’ आणि ‘अंथरुणावर’ असे तीन दर असतात. एका दरातून दुसऱ्यात टाकायचं कोण ठरवतं आणि किती दिवस आधी कळवतात? रुग्णालयात असताना पूर्ण पैसे द्यायचे का, तिथे सोबतीला माणूस देतात का, त्याचं काय पडतं? दरवर्षी वाढ किती टक्के? दोन्ही बाजूंनी सोडण्याची मुदत किती?

आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने ६० किंवा त्याहून जास्त वयाच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल धरून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्काला जीएसटी माफ आहे. बिलात तो दिसला तर विचारा.

फ्लॅट नावावर करून द्या, आम्ही आजन्म सांभाळू, असं कुणी सुचवलं तर वकिलाशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवायची सोय आहे. अट कागदावर नसेल तर मात्र लढाई लांबते.

प्रश्न (कोल्हापूर) : आईच्या दंडावर वळ दिसतात. तक्रार केली तर राग तिच्यावर निघेल अशी भीती वाटते. कुठे जावं?

वळ कसले ते आधी समजून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाताच्या पाठीवर, कोपराखाली नुसत्या धक्क्याने निळे डाग पडतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे, मनगटाभोवती गोल, किंवा दोन्ही हातांवर सारखेच डाग धरण्या-बांधण्याचे असतात. एखादी ठरावीक व्यक्ती खोलीत आली की आई गप्प होते का, हेही पाहा. बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्या.

मारहाणीचा संशय पक्का असेल तर क्रम असा : आधी आईला तिथून हलवा, मग तक्रार. पोलिसांसाठी ११२. मारहाण नसून हलगर्जी असेल तर व्यवस्थापकांना लेखी द्या. ‘नीट लक्ष देत नाहीत’ असं मोघम नको. ‘मंगळवारी सकाळी ९ ते दुपारी ३ डायपर बदलला नव्हता’ असं. जमलं तर माणसावर नको, पद्धतीवर बोट ठेवा, आणि चांगलं काम करणाऱ्या मावशींचं नाव घेऊन कौतुकही त्याच पत्रात करा. राग निघायची शक्यता याने बरीच कमी होते.

आठवड्यात हललं नाही तर विश्वस्तांना. पुढे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, आणि न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. शुल्क भरत असाल तर जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही. मोफत सेवेला हा मार्ग लागू नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते, फोन मराठीतून करता येतो. ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं, प्रांतांसमोरचं (उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरचं) न्यायाधिकरण मात्र मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे, संस्थेविरुद्धच्या तक्रारीसाठी नव्हे. इथे पुष्कळांची फेरी फुकट जाते.

प्रश्न (पणजी) : सासऱ्यांना पुढच्या महिन्यात दाखल करणार आहोत. पहिल्या दिवशी संस्थेला काय काय द्यावं?

एक फाइल करा. आधार कार्डाची प्रत, विम्याचे कागद (सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून घ्या), शेवटचा ईसीजी, अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल, चालू औषधं डोस आणि वेळेसह, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. त्याच दिवशी वजन करून घ्या आणि टाळूपासून टाचेपर्यंत कातडी दोघांसमोर पाहून लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

कपड्यांच्या आत, कवळीच्या डबीवर, चष्म्याच्या दांडीवर, चपलांवर नाव. धुलाईत लेंगे बदलतातच.

आणि एक साधा कागद हाताने लिहून मावशींकडे द्या. चहात साखर किती, दाढी रोज की एक दिवसाआड, कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, रात्री लघवीला साधारण किती वाजता उठतात, मासे आवडतात पण काट्याचे चालत नाहीत, आणि झोपताना दिवा लागतो की अंधार.